भोपळा कापणाऱ्याचा पहिला घास

गणपतीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक पांढरी धूळ आणि दुसरे किस्से. संध्याकाळी झाडून, पुसून, कुलूप लावून घरी जावं, तर सकाळी दोन्ही जागच्या जागी हजर! पेणच्या एका कारखान्यात मी मूर्तींचे डोळे आखतो. आमच्या खोलीत माणसं चारच. मी वसंत, एकटा पुरुष. बाकी तिघी बायका. रंगकाम बघणारी सुलभाताई, दागिने घडवून चिकटवणारी पार्वती आणि मूर्तीला घासून गुळगुळीत करणारी अंजिरा. दुपारी एकला चौघांचे डबे एकाच वर्तमानपत्रावर उघडतात आणि जगातले सगळे धक्के आम्हाला तिथेच बसतात.

मागच्या ऑक्टोबरात इतके बसले, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

*

आधी माझी खरी पदवी सांगतो. डोळे आखणं हा पोटाचा धंदा. मान आहे तो भोपळा कापण्याचा! हसू नका. आमच्याकडे लाल भोपळा अख्खा असला तर बाईमाणूस त्याला पहिला घाव घालत नाही. भोपळा म्हणजे थोरला मुलगा, असं म्हणतात. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग पुढे बायकांनी हवा तसा चिरायचा.

सहा वर्षं झाली या गोष्टीला. त्या दिवसांत मी डबा आणत नव्हतो. चहावर भागवायचो. एका दुपारी सुलभाताई तिच्या गावाहून, कासूहून, येताना अख्खा भोपळा घेऊन आली! तिचे यजमान मुलगी शाळेत असतानाच गेलेले. मला म्हणाली, "भाऊ, जरा हात लावा. आमच्या घरी पुरुषमाणूस नाय."

मी घाव घातला. तिनं तिथेच कारखान्याच्या शेगडीवर भाजी टाकली आणि पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, भूक नाही.

"भुकेचा काय संबंध?" ती माझ्यावरच डाफरली. "कापणाऱ्यानं पयला घास घेतल्याबिगर बाकीच्यांना भोपळा बाधतो. नियम हाय. तुम्ही नाय खाल्लं तर आम्ही तिघी आजारी पडू!"

मी हबकलोच. तीन बायकांचं आजारपण कोण डोक्यावर घेणार? मुकाट्यानं वाटी संपवली. चार दिवसांनी पार्वती भोपळा घेऊन आली. तिच्यामागून अंजिरा. त्या वर्षी या तिघींच्या वेलांना एवढे भोपळे कसे काय धरले, देव जाणे! तेव्हापासून माझ्या पिशवीत ब्रशांच्या शेजारी एक छोटा कोयता कायमचा आला.

*

या पदवीनं मला भर बाजारात तोंडघशी पाडलंय. एका रविवारी मी रोह्याला बहिणीकडे गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर पार्वती दिसली. तिचं माहेर निडीचं. आईनं दिलेला भोपळा घेऊन उभी होती, आणि भोपळा केवढा? अंघोळीच्या बादलीत मावला नसता! अर्धा रोह्यातल्या नणंदेला द्यायचा, अर्धा पेणला न्यायचा. तिथला पुरुष, म्हणजे नंदावा, कंपनीत शिफ्टला गेलेला. मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा उजळला.

"भाऊ, देवासारखे आलात. घाला घाव!"

"इथे? स्टँडवर?"

रविवार म्हणून कोयता नेमका घरी. शेजारी एक शहाळंवाला होता. त्यानं आपला कोयता उचलला आणि भला माणूस म्हणाला, "द्या ताई, मी फोडतो."

पार्वतीनं भोपळा पोटाशी धरला. "तू नको. आमचा माणूस हाय."

"अहो, दिवसाला शंभर शहाळी फोडतो मी!"

"शहाळी येगळी, भोपळा येगळा."

तो बिचारा कोयता हातात घेऊन माझ्याकडे वर-खाली बघायला लागला, याच्यात एवढं काय आहे म्हणून. शेवटी त्याच्याच कोयत्यानं, पांढऱ्याशुभ्र शर्टात, पंचवीस-तीस माणसांच्या देखत मी बाकड्यावर भोपळा फोडला. एक कंडक्टर अर्धी घंटी वाजवून थांबला! मला वाटलं, सुटलो. पण पार्वतीनं फडकं सोडलं, तांदळाची भाकरी आणि वर सुकट माझ्या हातात दिली.

"हे काय?"

"भोपळा शिजायला रात व्हईल. तवर नियम कोण पाळणार? भाकरी खा, चालते."

मी उभ्याउभ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. शहाळंवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो.

*

आता खरा धक्का. सुलभाताईची एकुलती एक मुलगी ऋतुजा. अमेरिकेत शिकली, तिथेच नोकरीला लागली. चार वर्षं सुलभाताई आम्हाला मोबाईलवर तिचे फोटो दाखवायची. बर्फातली ऋतुजा, लालबुंद झाडाखालची ऋतुजा. मागच्या वर्षी गणपती उठले आणि पंधरा दिवसांत ती दोन बॅगा घेऊन दारात उभी! नोकरी गेली, दुसरी मिळेपर्यंत व्हिसा संपला. "कोणाची चूक नाही, आई," एवढं म्हणाली. त्यानंतर काही म्हणालीच नाही.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. ताटातला भात बोटांनी इकडून तिकडे सारायची. सुलभाताईनं घावनं केली, कोलंबीचं कालवण केलं, लहानपणी आवडायच्या म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. मुलगी दोन घास खाऊन हात धुवायची. तीन आठवड्यांत तिच्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. माणूस जेवण का सोडतं, ते मला थोडंफार कळतं. असो.

एका सोमवारी सुलभाताई धावत कारखान्यात शिरली. "बोलली! फोनवर मैत्रिणीला बोलली!"

"काय बोलली?"

"म्हणाली, आत्ता ते भोपळ्याचं मॅकरोनी चीज असतं ना, तर खाल्लं असतं. आणि रडली."

माझा ब्रश गणपतीच्या भुवईवर थांबला.

"भोपळ्याचं?" मी.

"मॅकरोनीत?" पार्वती.

"वर चीज?" अंजिरा. "आणि हे आजारी माणसाला घालतात?"

सुलभाताईनं मग समजावलं. तिकडे म्हणे ऑक्टोबरात झाडांची पानं गळतात, थंडी सुरू होते. लोक भोपळे आणतात, असं काहीतरी मऊ, गरम करतात आणि पांघरूण घेऊन वाटी हातात धरून बसतात. त्यानं जिवाला बरं वाटतं.

आम्ही चौघांनी बाहेर बघितलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं तापलेलं, की डबीतला रंग ब्रशावर घेईपर्यंत सुकत होता. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.

"पांघरूण घेऊन?" पार्वती ओरडली. "या उकाड्यात? पोरगी भुकेनं नाय, घामानं जाईल गो!"

सुलभाताई हसली नाही. "गोधडी मी पंख्याखाली टाकीन. पण हे मला करायचं हाय. हे तरी ती खाईल." तिचा आवाज इतका बारीक झाला, की आम्ही तिघांनी डबे बंद केले. मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत त्या बाईचा आवाज मी कधी बारीक ऐकला नव्हता.

*

पहिली अडचण मॅकरोनीची. दुकानात म्हणे चार आकार होते. ऋतुजाला विचारायचं नाही, कारण विचारलं की "नको आई, काही करू नकोस" म्हणणार. सुलभाताईनं तिच्या मोबाईलवर फोटो पाठीमागून एकदाच बघितलेला. "वाकडी हाय, पोकळ हाय, अंगावर बारीक रेघा," एवढंच तिला आठवत होतं.

आता आम्ही मूर्तीवाले. आम्हाला वर्णन सांगितलं की आम्ही काय करणार? पार्वतीनं चिमूटभर शाडू घेतला, उदबत्तीच्या काडीवर गुंडाळला, वाकवला, सुईनं रेघा ओढल्या. सुलभाताई म्हणे, "अजून जरा वाकव." तिसऱ्या नमुन्याला म्हणाली, "हीच!" वाळल्यावर मी पिवळ्यात थोडा शेंदरी टाकून रंगवली. खरं सांगतो, ऑर्डरीच्या कामातसुद्धा आमच्याकडून एवढी सफाई होत नाही.

सुलभाताई ती तळहातावर घेऊन बाजारात गेली, सोबत मी. दुकानदाराला म्हणाली, "अशी द्या."

"बघू," तो म्हणाला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानं ती उचलून तोंडात टाकली! कडकन आवाज झाला.

"कच्ची आहे ओ!"

"अहो, माती आहे ती!"

त्याचे डोळे असे झाले, की मला आखता आले नसते. तोंड धुऊन आला, निमूटपणे बरोबर आकाराचं पाकीट दिलं. अजूनही मी काही घ्यायला गेलो, की तो आधी विचारतो, "आज खरं आहे ना?"

ते पाकीट अंजिराकडे दिलं. म्हटलं, घरून शिजवून आण, दुपारी चव बघू. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली, चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"तळल्या. नळ्या तळतो तशा. पण मेल्या फुलल्याच नाय. सासूनं एक चावली."

"मग?"

"मग दाताच्या डॉक्टरकडं गेलो."

*

दुसरं पाकीट आणलं आणि ठरवलं, की रंगीत तालीम कारखान्यातच करायची. बाजारातून भोपळ्याची चिरलेली फोड आणली. चिरलेली फोड म्हणजे माझं काही काम नाही, त्यामुळे मी जरा घुश्शातच होतो. सुलभाताईनं फोड उकडून घोटली, मॅकरोनी शिजवली, चीज किसून टाकलं. चव बघितली तर शिऱ्याची मावसबहीण! गोडमिट्ट. सुलभाताई कपाळाला हात लावून बसली.

थोड्या वेळानं पुन्हा चव बघितली, तर चमत्कार! खमंग, खारट, जिभेवर रेंगाळणारी. एवढ्यात आमचे शेठ आत आले. वासानंच आले. शेठ गुरुवार कडक पाळतात, गुरुवारी त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही. ताटली पुढे केली, त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा, मग पातेलंच जवळ ओढलं.

"वा! पण काहीतरी वेगळाच वास आहे हो याला."

अंजिरा भिंतीला चिकटली. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक ती. माझ्या कानात कुजबुजली, "भाऊ, मी मूठभर जवळा टाकला. सुक्या जवळ्याबिगर भोपळ्याला चव नाय म्हणून."

"आज वार कोणता?" मी पुटपुटलो.

"गुरुवार."

अंडं न शिवणाऱ्या माणसाच्या पोटात सुकी बारीक कोलंबी! शेठ बोटं चाटत होते. "कसला वास म्हणायचा हा?"

सुलभाताईनं डोळ्याची पापणी न हलवता उत्तर दिलं, "परदेशी चीज असंच असतं, शेठ. वासावरच त्याची किंमत."

शेठनी मान डोलावली आणि पातेलं पुसून खाल्लं. आता दर गुरुवारी विचारतात, ते परदेशी चीज पुन्हा कधी आणणार!

*

आणि मग तो रविवार. पार्वतीच्या आईनं निडीहून खास एक भोपळा पाठवलेला. सुलभाताई मला म्हणाली, "भाऊ, दोन वाजता या. तवर आम्ही बाकीची तयारी करतो. तुम्ही आल्याबिगर भोपळ्याला कोणी हात लावायचा नाय."

मी कोयत्याला धार लावली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कासूला उतरून बरोबर दोनला तिच्या दारात उभा राहिलो. आत शिरलो आणि जागीच थिजलो.

भोपळ्याची दोन शकलं! पाटावर पडलेली, बिया बाहेर. पार्वतीचा हात तोंडावर, अंजिराचा छातीवर. आणि पाटासमोर, हातात कोयती घेऊन, केस विस्कटलेली ऋतुजा.

"कोणी कापला?" मी विचारलं.

"मी," ऋतुजा म्हणाली. "सकाळी अकरापासून या तिघी त्याच्याभोवती बसून आहेत, काका! काका येतील, काका येतील. तीन तास! भोपळा आहे तो, बॉम्ब नाही!"

आल्यापासून ती एवढं सलग पहिल्यांदाच बोलली असेल.

"अगो, पण बाईमाणसानं..." अंजिरानं शकलांकडे बोट केलं.

"तिकडे दर ऑक्टोबरात मीच कापायचे, मावशी. एकटी राहायचे. कोणाला बोलावणार होते?"

"किती कापलेस?" पार्वतीनं घाबरत विचारलं.

"चार वर्षांत? वीस-एक असतील."

"वीस!" अंजिरा मटकन खाली बसली. "वीस थोरली पोरं, गो!"

मीही बसलो. सहा वर्षांची पदवी, धार लावलेला कोयता, इस्त्रीचा शर्ट, सगळंच वाया! पण मला जास्त धक्का बसला तो सुलभाताईकडे बघून. ती एवढी देवाधर्माची बाई, आणि ओट्यापाशी उभी राहून शांतपणे चीज किसत होती. मान वर करून मला फक्त म्हणाली, "आलात? बसा."

भोपळा शिजला, घोटला. सुलभाताईनं हिंगाची डबी उघडली तशी ऋतुजा उठली. "आई, हिंग नाही!" मग मोहरी हातात घेतली तेव्हा चमचाच तिच्या हातातून काढून घेतला. लोण्यावर थोडा मैदा परतला, दूध ओतलं, चीज, भोपळा, मिरपूड आणि किंचित जायफळ. ओव्हन नव्हता. वर चीज पसरून, झाकण लावून पातेलं तव्यावर ठेवलं. घरभर काय वास सुटला म्हणून सांगू! पंख्याखाली गोधडी खरोखरच अंथरलेली होती.

ऋतुजानं चार वाट्या भरल्या. तीन आमच्यापुढे ठेवल्या आणि चौथी आईपुढे. "तुम्ही खा. मला नको, भूक नाही."

मी सुलभाताईकडे बघितलं. तिनं वाटी उचलली आणि मुलीच्या हातात परत दिली.

"भुकेचा काय संबंध? कापला कोणी?"

"मी."

"मंग? कापणाऱ्यानं पयला घास घेतल्याबिगर बाकीच्यांना बाधतो. तू नाय खाल्लंस तर आम्ही चौघं आजारी पडू."

"आई, हे काहीतरीच."

"काहीतरीच नाय. नियम हाय. विचार वसंतभाऊंना!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ऋतुजाही. मी घसा साफ केला. "हो गं, नियम आहे. सहा वर्षं मी स्वतः पाळतोय. एकदा तर एसटी स्टँडवर उभा राहून पाळलाय."

तिनं चमचा भरला. कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. पार्वती पंख्याकडे बघत होती, अंजिरा आपल्या बांगड्यांकडे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीचे डोळे तपासत होतो.

"मीठ कमी आहे," ऋतुजा म्हणाली. आणि दुसरा घास घेतला.

मग तिसरा. मग वाटी संपली. मग तिनं पातेल्याच्या तळाला लागलेली चीजची खरपूस खरवड उलथन्यानं काढली आणि तीही खाल्ली. सुलभाताईनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "जायफळ फार झालं, झोंबलं." मी माझी वाटी कधी संपवली, मला कळलंसुद्धा नाही. आतून इतकं बरं वाटत होतं.

चार वाजता ऋतुजा गोधडीवर गाढ झोपलेली. पार्वती मागच्या मोरीत पातेलं घासायला बसली. मी पाणी ओतत होतो.

"पार्वती, तुमच्या निडीला पण हा नियम आहे ना? कापणाऱ्यानं आधी खायचा?"

"नाय."

"मग कासूला असेल."

"कासूला पण नाय."

"मग अंजिराच्या गावचा?"

"नाय हो. आपल्या खोलीतला. सुलभाताईनं काढला."

मी तांब्या धरून उभाच राहिलो. "कधी?"

पार्वतीनं पातेलं विसळलं, उपडं घातलं आणि पाणी निथळू दिलं.

"आमच्या वहिनी गेल्या ना, तुमचा डबा बंद झाला, त्या वर्षी."